एंजलसाठी पैसे साठवू नकोस: हिरोज ३ मध्ये सैन्य कसं निवडायचं

प्रश्न चोपड्याहून आलाय, तो आधी थोडक्यात सांगतो. आखाजीच्या सुट्टीत चार आते-मामेभाऊ एकाच कॉम्प्युटरवर 'हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३' हा शहर बांधून सैन्य लढवायचा खेळ हॉटसीटवर, म्हणजे आळीपाळीने चाली करत, खेळतात. विचारणारा त्यांच्यात सगळ्यात धाकटा. तो नेहमी कॅसल हे शहर घेतो, पैसे साठवून एंजलची, म्हणजे कॅसलच्या सगळ्यात वरच्या, सातव्या लेव्हलच्या सैनिकाची इमारत बांधतो, आणि तिसऱ्या आठवड्यात स्ट्राँगहोल्ड हे शहर घेणारा मोठा आतेभाऊ त्याच्या शहराचे सातव्या लेव्हलचे दोन-तीन बेहेमथ घेऊन येतो आणि त्याचं शहर घेतो. त्याचं म्हणणं, "दादा, खेळातली सगळ्यात भारी युनिट्स कोणती, तेवढी यादी द्या. एंजलच भारी ना?"

भो, एंजल भारी आहेच, त्यात वाद नाही. पण तुझा भाऊ जिंकतो कारण तिसऱ्या आठवड्यात त्याच्याकडे सैन्य असतं आणि तुझ्याकडे इमारत असते. यादी मी देईन, पण ती शहर, आठवडा आणि समोरचा शत्रू धरूनच देता येते. धुळे-जळगावकडे आम्ही मित्रमंडळी हा खेळ सायबर कॅफेच्या काळापासून खेळतोय, नवीन पोरांना शिकवतोय, आणि प्रत्येक नवा खेळाडू पहिल्यांदा हाच प्रश्न विचारतो. म्हणून जरा लांबलचक उत्तर देतो, हिशेबासकट.

खाली जे आकडे देतोय ते 'शॅडो ऑफ डेथ' म्हणजे कम्प्लीट आवृत्तीचे आहेत. मूळ खेळ १९९९ चा, न्यू वर्ल्ड कॉम्प्युटिंगचा. तुम्ही 'हॉर्न ऑफ द अ‍ॅबिस' हा चाहत्यांनी केलेला मॉड (खेळाची बदललेली आवृत्ती) लावला असेल तर काही युनिट्सचे भाव आणि काही स्किल्स बदललेली दिसतील, तिथे युनिटवर राइट क्लिक करून आकडे बघून घे. २०१५ मध्ये आलेल्या एचडी आवृत्तीत मूळ खेळाचे नंतरचे दोन्ही जोडभाग (एक्सपान्शन) नाहीत, त्यामुळे त्यात कॉन्फ्लक्स शहर मिळणार नाही.

आता तुझाच डाव कागदावर मांडू. एंजलच्या इमारतीला २०,००० गोल्ड लागतं, वर चार प्रकारची दुर्मिळ संसाधनं दहा-दहा. एक एंजल ३,००० ला. तटबंदी पूर्ण वाढवलेली असेल तर आठवड्याला दोन एंजल मिळतात. म्हणजे पहिले दोन एंजल हातात यायला २६,००० गोल्ड गेलं. त्या पैशात काय आलं असतं? कॅसलचेच खालच्या लेव्हलचे सैनिक, एका आठवड्याचे: १८ मार्क्समन २,७०० ला, १४ रॉयल ग्रिफिन ३,३६० ला, ८ क्रुसेडर ३,२०० ला, ६ झेलट २,७०० ला. एकूण ११,९६०. वर ५,००० चा सिटी हॉल बांधलास तरी नऊ हजार हातात राहतात आणि रोजची कमाई २,००० होते. बेहेमथची इमारत १०,००० ला आहे आणि एक बेहेमथ १,५०० ला. तुझ्या भावाचं सातव्या लेव्हलचं युनिट तुझ्या निम्म्या पैशात उभं राहतं. त्या शर्यतीत तू उतरायलाच नको.

आणि समजा तुझा एंजल आणि त्याचा बेहेमथ समोरासमोर आलेच. या खेळात मारणाऱ्याचा अटॅक समोरच्याच्या डिफेन्सपेक्षा जितका जास्त, तितके प्रत्येकी ५ टक्के डॅमेज वाढतं, कमाल ३०० टक्क्यांपर्यंत. अटॅक कमी पडला तर प्रत्येक अंकामागे अडीच टक्के घटतं, कमाल ७० टक्के. एंजलचा अटॅक २०, बेहेमथचा डिफेन्स १७, म्हणून ५० डॅमेजचे साडेसत्तावन्न होतात. बेहेमथकडे १६० एचपी (किती मार सोसेल तो आकडा) आहेत, तो उभाच राहतो. उलट बेहेमथची खासियत अशी की तो समोरच्याचा ४० टक्के डिफेन्स धरतच नाही. एंजलचा २० चा डिफेन्स त्याच्यासाठी १२ होतो, त्याचा अटॅक १७, सरासरी डॅमेज ४० चं ५०. एका एंजलच्या किमतीत दोन बेहेमथ येतात: ३२० एचपी आणि १०० डॅमेज, विरुद्ध २०० एचपी आणि ५७ डॅमेज. सैन्य घेऊन फिरणाऱ्या हिरोंचे आकडे (ते त्यांच्या सैन्याच्या अटॅक-डिफेन्समध्ये मिळवले जातात) मी यात धरलेले नाहीत, तरी चित्र लक्षात येईल. एंजल उडतो, १२ च्या वेगाने आधी मारतो, हा त्याचा फायदा. पण तुझ्या भावाविरुद्ध तू नेमका डिफेन्स विकत घेतोयस, आणि त्याचं युनिट डिफेन्स खाणारं आहे.

बेहेमथविरुद्ध ज्याचा डिफेन्स मुळातच कमी आणि गोल्डमागे एचपी जास्त, तेच स्वस्त पडतं. शंभर गोल्डमागे एचपी काढून बघ: पाईकमन (पहिल्या लेव्हलचा भालेवाला) साधारण साडेसोळा, त्याचं अपग्रेड हॅल्बर्डियर तेरा, रॉयल ग्रिफिन दहा, क्रुसेडर पावणेनऊ, एंजल साडेसहा, त्याचं अपग्रेड आर्चएंजल पाच. पुढे उभं राहून मार खायचं काम असेल तर साधा पाईकमन सगळ्यात किफायतशीर आहे. हे कोणाला पटत नाही, कारण पडद्यावर तो अगदीच फडतूस दिसतो.

मग मारायचं काम कोणाचं? कॅसलमध्ये पहिल्या तीन आठवड्यांत त्याचं उत्तर एकच: मार्क्समन, म्हणजे अपग्रेड केलेला आर्चर (तिरंदाज). आर्चर १०० ला येतो, मार्क्समन १५० ला, आणि त्या पन्नास गोल्डमध्ये त्याचे बाण दुप्पट होतात, कारण तो एका चालीत दोनदा मारतो. कॅसलमध्ये याहून फायद्याचं अपग्रेड मला माहीत नाही.

दोन आर्चएंजल आणि १८ मार्क्समन यांची तुलना करून दाखवतो, कारण हिरोचा अटॅक कसा काम करतो ते यातूनच कळतं. समोर क्रुसेडर आहेत असं धर, डिफेन्स १२. आर्चएंजलचा अटॅक ३०, त्यामुळे ९० टक्के वाढ, दोघांचं मिळून १९० डॅमेज. मार्क्समनचा अटॅक ६, म्हणून १५ टक्के घट, ९० चं साडेशहात्तर. आता हिरोचा अटॅक १० कर. आर्चएंजल १९० वरून २४० वर जातात, मार्क्समन साडेशहात्तरवरून १०८ वर. एकाची वाढ २६ टक्के, दुसऱ्याची ४१ टक्के. म्हणजे हिरो जितका तयार, तितकी खालची युनिट्स जास्त उचलली जातात. किमतीत बसवलं तर मार्क्समन हजार गोल्डमागे ४० डॅमेज देतात आणि आर्चएंजल २४. बरेच जण उलट समजतात. हिरो ताकदवान झाला की आता फक्त मोठी युनिट्स ठेवायची, बारकी सोडून द्यायची, असं त्यांना वाटतं. शत्रूच्या हिरोचा डिफेन्स वाढला तर हे गणित मागेही येतं, हेही ध्यानात ठेव. म्हणून लढाईआधी त्याच्या हिरोचे अंक बघायचे.

आता तुझ्या भावाची लढाई. तुझ्याकडे दोन आठवड्यांचे ३६ मार्क्समन आहेत, एकूण ५,४०० गोल्डचे. हिरोचा अटॅक ६ धर. बेहेमथच्या १७ डिफेन्ससमोर १२ अटॅक, साडेबारा टक्के घट. ३६ जणांचे दोन-दोन बाण मिळून सरासरी १८० डॅमेज, त्यातून घट काढली की १५७. बेहेमथ १६० एचपीचा. त्यांच्यावर ब्लेस टाकलास तर प्रत्येक बाण पूर्ण तीनचा पडतो, एकूण १८९. म्हणजे दहा घरांच्या आतून मारलंस (अंतराचं पुढे सांगतो) तर दर फेरीला एक बेहेमथ आडवा, आणि ब्लेस हा पहिल्या लेव्हलचा साधा स्पेल आहे. बेहेमथ चालतो, वेग ६, पूर्ण मैदान ओलांडून तो साधारण तिसऱ्या फेरीत अंगावर येतो. त्याला स्लो टाकलास तर अजून एक फेरी मिळते. स्लोही पहिल्याच लेव्हलचा. स्ट्राँगहोल्डचा मॅज गिल्ड (स्पेल शिकवणारी इमारत) तिसऱ्या लेव्हलच्या वर जातच नाही आणि त्यांचे हिरो जादूत कच्चे असतात, तेव्हा स्पेलच्या बाबतीत तू वरचढ आहेस. पहिल्या दोन आठवड्यांत मॅज गिल्डची पहिली पायरी आणि हिरोच्या थोड्या मॅनाकडे (स्पेल टाकायला लागणाऱ्या शक्तीकडे) दुर्लक्ष करू नकोस. सिटी हॉलसाठी तो गिल्ड लागतोच.

पण तुझा भाऊ नुसते बेहेमथ आणणार नाही. त्याच्याकडे वुल्फ रेडर असतील, वेग ८, दोनदा मारणारे, आणि रॉक असतील, ७ च्या वेगाने उडणारे. त्याचा पहिला बेत तुझ्या मार्क्समनना चिकटायचा असणार. शूटरच्या, म्हणजे लांबून मारणाऱ्या युनिटच्या, शेजारच्या घरात शत्रू आला की त्याला बाण मारता येत नाही, हातघाईत त्याचं डॅमेज निम्मं होतं, आणि तुझे ५,४०० गोल्ड तिथेच अडकतात. म्हणून मार्क्समन कोपऱ्यातल्या घरात ठेवायचे. कोपऱ्याला शेजारची घरं दोन-तीनच असतात, ती आपल्या युनिट्सनी भरायची: एका बाजूला हॅल्बर्डियर, एका बाजूला क्रुसेडर, उरलं तर एकटा पाईकमन. जिथे आपलं युनिट उभं आहे तिथे उडणाराही उतरू शकत नाही.

आणि इथेच रॉयल ग्रिफिनची किंमत कळते. त्याचा वेग ९. म्हणजे रेडर आणि रॉक दोघांच्या आधी तुझी चाल येते. हिरोला फेरीत एकच स्पेल टाकता येतो आणि तो आपल्या कुठल्याही युनिटची चाल आली की टाकता येतो. सैन्यात एखादं तरी युनिट शत्रूच्या सगळ्यांपेक्षा वेगवान असेल तर पहिला स्पेल तुझा. रॉक ज्या फेरीत तुझ्या शूटरपर्यंत पोचणार, त्याच फेरीत त्याला स्लो बसला तर तो मध्येच अडकतो आणि बाणांच्या टप्प्यात येतो. त्याने रॉक अपग्रेड करून थंडरबर्ड केले असतील, तर ते ११ च्या वेगाचे, तुझ्या आधी चालतील. ते तो कधी करतो यावर नजर ठेव, हॉटसीटवर मोठा भाऊ चाल करत असताना पडद्याकडे बघायचं नाही हा नियम पाळूनही त्याच्या शहराजवळ एखादा स्काउट हिरो ठेवता येतो.

रॉयल ग्रिफिनचा दुसरा गुण उलट्या वाराचा. साधारण प्रत्येक युनिट एका फेरीत एकदाच उलटा वार करतं. साधा ग्रिफिन दोनदा करतो, रॉयल ग्रिफिन कितीही वेळा. शत्रूचे तीन-चार स्टॅक (एकाच प्रकारच्या युनिट्सचे गट) त्याच्यावर तुटून पडले की प्रत्येकाला उत्तर मिळतं. त्याला ब्लेस करून गर्दीत बसवणं हा कॅसलचा जुना आणि हमखास चालणारा डाव आहे.

उलट्या वाराचा फायदा स्वतः घ्यायचा तर रिकाम्या स्लॉटमध्ये एकेकटी युनिट्स ठेव. हिरोच्या सैन्यात गटांसाठी अशा सात जागा, म्हणजे स्लॉट, आहेत. एक पाईकमन स्वतंत्र स्टॅक म्हणून पुढे पाठवायचा, त्याने बेहेमथला मारायचं, बेहेमथचा उलटा वार त्याच्यावर खर्च होऊ द्यायचा, आणि मग क्रुसेडरनी सगळ्या ताकदीने जाऊन मारायचं. ६० गोल्डच्या माणसाने ३,००० गोल्डच्या स्टॅकचा हात बांधला. कॉम्प्युटर तर अशा एकट्यांना मारण्यात चाली वाया घालवतो.

स्लॉट भरताना दोन-तीन शहरांची युनिट्स एकत्र करायचा मोह होतो, विशेषतः नकाशावर फुकट मिळालेली. एकाच पक्षाचं सैन्य असेल तर मोराल (सैन्याचं मनोबल) एकने वाढतं, दोन पक्ष असतील तर काहीच होत नाही, तिसरा आला की घटायला लागतं. नेक्रोपोलिसची मुडदे मंडळी कॅसलच्या सैन्यात घेतलीस तर आणखी एक खाली. एंजल सोबत असेल तर एक वर, हा एंजलचा एक गुण लोक विसरतात. माझा नियम सोपा आहे: परकं युनिट एकच घ्यायचं, आणि तेही ज्याची आपल्या शहरात खरोखर उणीव आहे असं.

आता थोडं शूटर चालवायच्या हातोटीबद्दल, कारण नुसते विकत घेऊन भागत नाही. अमळनेरच्या माझ्या भाच्याला मी हे एका लढाईवर शिकवलं, तीच सांगतो. सोन्याच्या खाणीवर सात डेन्ड्रॉइड गार्ड बसलेले, एकाच स्टॅकमध्ये. प्रत्येकाचे ५५ एचपी, एकूण ३८५. डिफेन्स १२, वेग फक्त ३. त्याच्याकडे २० मार्क्समन आणि नवा नाइट हिरो, अटॅक २. घट दहा टक्के, म्हणून फेरीला ९० डॅमेज. पण दहा घरांपेक्षा जास्त अंतरावरून मारलं तर निम्मंच लागतं. मैदानाच्या दोन टोकांत साधारण १४ घरांचं अंतर. त्याने पहिल्या फेरीत लगेच बाण सोडले: १४ घरं, ४५ डॅमेज. ते तीन घरं पुढे आले, ११ घरं, पुन्हा ४५. मग ८, ५ आणि २ घरांवरून ९०, ९०, ९०. पाच फेऱ्यांत ३६०, आणि एक डेन्ड्रॉइड शिल्लक असताना ते अंगाला भिडले. डेन्ड्रॉइड ज्याला मारतो त्याला जागेवर जखडतो, शूटरचं नुकसान ठरलेलं.

मी त्याला सेव्ह उघडायला लावलं आणि म्हटलं, आता प्रत्येक फेरीत आधी 'वेट' दाब. वेट केलं की ते आधी चालतात आणि आपण नंतर मारतो. पहिल्या फेरीत ११ घरांवर ४५, मग ८, ५, २ घरांवर ९० प्रत्येकी, आणि पाचव्या फेरीत वेट न करता आधीच मारायचं, अजून ९०. एकूण ४०५. तेच बाण, तेच वीस जण, एकही माणूस न गमावता खाण आपली, रोज १,००० गोल्ड. शूटर चांगले की वाईट हे ठरवण्याआधी वेटचं बटण वापरायला शिकावं लागतं.

नकाशावरच्या चालीबद्दल बोललो नाही तर उत्तर अर्धवट राहील. हिरो दिवसात किती चालेल हे त्याच्या सैन्यातल्या सगळ्यात सावकाश युनिटवर ठरतं. सगळ्यात मंद युनिट ३ च्या वेगाचं असेल तर १,५०० चाल, ७ चं असेल तर १,७६०, ११ किंवा वर असेल तर २,०००. गवतावर सरळ पावलाला १०० लागतात, तिरप्याला १४१. रॅम्पार्टमध्ये डेन्ड्रॉइड गार्ड सोबत घेऊन फिरणारा आणि ग्रँड एल्फ हेच सगळ्यात सावकाश युनिट ठेवणारा, यांच्यात रोज २६० चा फरक पडतो. आठवड्याला १,८२०. म्हणजे एकाला आठवड्यात पूर्ण एक दिवस जास्त मिळाला. त्या एका दिवसात एक खाण, दोन पेट्या आणि हिरोची एक लेव्हल होते. जे युनिट तुला आठवड्याला एक दिवस मागे ठेवतं ते चांगलं आहे का, हे त्याच्या लढाईतल्या आकड्यांवरून कळत नाही. सावकाश युनिट्स शहराच्या राखणीला ठेव, किंवा मागून दुसऱ्या हिरोकडून लढाईच्या आदल्या दिवशी मागव. दिवसाची चाल सकाळी मोजली जाते, त्यामुळे रात्री सावकाश युनिट शेजारच्या हिरोकडे देऊन सकाळी परत घेता येतं.

बाकीच्या तिघा भावांपैकी कोणी दुसरी शहरं घेत असेल तर त्यांच्याबद्दल थोडक्यात.

टॉवरमध्ये ग्रेमलिनचं अपग्रेड डोळे मिटून करायचं. ३० चा ग्रेमलिन ४० ला मास्टर होतो आणि लांबून मारायला लागतो, दहा गोल्डमध्ये शूटर. बाकी ते शहर महाग आहे, मोठ्या नकाशावरच घ्यावं. रॅम्पार्टमध्ये ग्रँड एल्फ, २२५ ला, दोनदा मारणारे. शिवाय बॅटल ड्वार्फचं अपग्रेड, कारण वेग ३ वरून ५ होतो. इनफर्नोमध्ये गॉगला मॅगॉग करायची घाई करू नका. मॅगॉगचा गोळा फुटतो तेव्हा शेजारचे आपलेही भाजतात, आणि पुढे आपली फळी भिडलेली असताना तो गोळा टाकता येत नाही. डंजनमध्ये हार्पी हॅग, मारून परत येणारी आणि उलटा वार न खाणारी. ब्लॅक ड्रॅगनवर कुठलाही स्पेल चालत नाही, ४,००० गोल्ड आणि वर दोन गंधक. कॉन्फ्लक्सचा फिनिक्स २१ च्या वेगाचा आहे, कोणाहीआधी चालतो, आणि आठवड्याची वाढही सातव्या लेव्हलमध्ये वेगळीच, एकाऐवजी दोन. कोणी कॉन्फ्लक्स घ्यायचं म्हणाला तर आमच्यात त्याच्यावर आधीच बंदी असते.

नेक्रोपोलिसवर मात्र जरा थांबतो, कारण व्हॅम्पायर लॉर्ड हे मला अख्ख्या खेळातलं सगळ्यात हुशारीने घडवलेलं युनिट वाटतं. साधा व्हॅम्पायर ३६० ला, लॉर्ड ५०० ला. उडतो, वेग ९, उलटा वार खात नाही, आणि मारलेल्या रक्तातून स्वतःचे मेलेले साथीदार उठवतो. आठवड्याला आठ, ४,००० गोल्ड. नकाशावरच्या न्यूट्रल (कोणाच्याच बाजूच्या नसलेल्या) सैन्याशी लढून एकही माणूस न गमावता नकाशा साफ करायचा तर याच्यासारखं दुसरं कोणी नाही. पण मुडदे, गोलेम, एलिमेंटल यांच्यात रक्तच नाही, तिथे तो साधा उडणारा शिपाई होतो. तुमच्यापैकी कोणी नेक्रोपोलिस घेत असेल तर त्याच्या व्हॅम्पायरना बाणांनी एकाच फेरीत संपवायचा बेत ठेव. निम्मे मारून सोडलेस तर ते पुढच्या चालीत पुन्हा उभे राहतील.

आता तुझ्या पुढच्या डावाचं. पहिल्या आठवड्यात आर्चरची इमारत, तिचं अपग्रेड, ग्रिफिनची इमारत आणि सातव्या दिवसापर्यंत तटबंदी जितकी चढवता येईल तितकी. आठवड्याची वाढ पहिल्या दिवशी पडते आणि त्या क्षणी जी तटबंदी उभी असेल तीच धरली जाते: सिटाडेल असेल तर दीडपट, कॅसल (शहराचं नाव नव्हे, त्याच नावाची शेवटची तटबंदी) असेल तर दुप्पट. आठव्या दिवशी बांधलेली ती तटबंदी पूर्ण आठवडा उशिरा फळते. इमारत दिवसाला एकच बांधता येते, म्हणून क्रम कागदावर लिहून ठेव. दुसऱ्या आठवड्यात सिटी हॉल, मग क्रुसेडर, मग मंक (ज्याचा अपग्रेडनंतर झेलट होतो). रॉयल ग्रिफिन दुसऱ्या आठवड्याच्या शेवटपर्यंत तयार हवेत, कारण तुझा भाऊ तिसऱ्यात येतो.

सगळ्या अपग्रेड केलेल्या युनिट्सची आठवड्याची खरेदी मी जोडून बघितली आहे. हॅल्बर्डियरपासून झेलटपर्यंत पहिल्या पाच लेव्हल १४,०६० गोल्ड. सिटी हॉल आठवड्याला १४,००० देतो. चॅम्पियन आणि आर्चएंजल मिळून वर १४,८००, आणि एकूण २८,८६०. कॅपिटॉल, म्हणजे सिटी हॉलच्या वरची पायरी, आठवड्याला २८,००० देतं. म्हणजे सिटी हॉलवर असताना पाचव्या लेव्हलपर्यंतचं सैन्य पूर्ण भरता येतं, त्यावरचं काही घेतलंस तर खालचं कुठेतरी न विकत घेता पडून राहतं. तू एंजलसाठी गोल्ड साठवत होतास तेव्हा तुझ्या बराकीत मार्क्समन आणि ग्रिफिन असेच पडून होते. आपल्याकडे भाव चढेल म्हणून घरात कापूस भरून ठेवतात, त्यातला निदान काहींना चढा भाव मिळतो. या खेळात साठवलेल्या गोल्डवर काहीच चढत नाही, आणि न घेतलेलं युनिट लढत नाही.

एंजल कधी घ्यायचा मग? कॅपिटॉल झालं, किंवा दुसरं शहर आणि एक-दोन सोन्याच्या खाणी हातात आल्या, आणि पहिल्या पाच लेव्हल विकत घेऊनही आठवड्याच्या शेवटी गोल्ड उरायला लागलं की. त्याआधी फुकटात एखादा मिळवायचा असेल तर नकाशावर ग्रिफिन कॉन्झर्व्हेटरी शोध. सगळ्यात लहानीत पन्नास ग्रिफिन असतात आणि जिंकलास की एक एंजल मिळतो. ग्रिफिन फेरीत दोनदा उलटा वार करतात, म्हणून तिथे हातघाई टाळायची आणि शूटरवरच काम चालवायचं.

आणि घेतलेस की साधे एंजल ठेवू नकोस, आर्चएंजलच कर. वेग १२ वरून १८ होतो, आणि प्रत्येक आर्चएंजलमागे लढाईत एकदा १०० एचपीची मेलेली माणसं उठवता येतात. दोन आर्चएंजल म्हणजे २०० एचपी. तुझा मार्क्समन दहा एचपीचा आहे. भावाच्या रॉकनी पहिल्या दोन फेऱ्यांत वीस मार्क्समन मारले तर ते वीसही त्याच लढाईत परत उभे राहतात आणि पुढच्या फेरीला पुन्हा बाण मारतात.